टेबलाखालून फिरणारं बोट

कुणाच्या हाती हे कागद पडलेच तर आधीच सांगून ठेवते, अक्षराला हसू नका. चौथी पास झाले आणि पाटी सुटली. पुढे हातात आली ती फिनेलची बाटली. ऱ्हस्व-दीर्घ माझं नेहमी चुकतं आणि ओळ उजवीकडे जाता जाता वर चढते. साहेबांनी हा कागद पाहिला असता तर त्यांनी अक्षराकडे पाहिलंच नसतं म्हणा. त्यांनी कागद उलटा केला असता.

कारण ते काहीही खालूनच पाहत. हॉटेलात शिरले की बाकावर टेकायचे, उजव्या हाताचं बोट टेबलाच्या कडेखाली घालायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढत न्यायचे. मग ते बोट उजेडात धरायचे, नाकाशी न्यायचे आणि हॉटेलवाल्याकडे न पाहता म्हणायचे, "वरून तं सारेच पुसतात. खालून पाहा."

टेबलाच्या खालच्या अंगाला काय काय असतं ते तुम्ही कधी वाकून पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे. वाळलेली चटणी, बोंड्याचं तेल, पानाचा चुना, आणि जे लिहू नये तेही. वर माणूस चारचौघांसारखा आलुबोंडा खातो आणि बोटं खाली पुसतो.

साहेब अकोल्याला हॉटेलं आणि खानावळी तपासायच्या कामावर होते. गाव त्यांचं अमरावती. राजापेठेत घर, बायकामुलं तिकडेच. रविवारी जाऊन येत. मी त्यांच्यामागे फिनेलची बाटली आणि ब्लीचिंग पावडरीची पिशवी घेऊन चालणारी रोजंदारीची बाई. बाटलीवरचा 'विष' हा शब्द वाचता येतो, एवढ्या विद्येवर मला ते काम मिळालं होतं.

लोक त्यांना जंतूसाहेब म्हणत. अर्थात मागून. ते दार कोपराने ढकलत. दुकानदाराने परत दिलेली चिल्लर रुमालात घेत आणि घरी जाऊन धूत, असं म्हणतात. खांद्यावरच्या पिशवीत कापडी खोळीत घातलेला त्यांचा स्वतःचा पितळी ग्लास असे. अख्ख्या अकोल्यात त्यांनी एकाही हॉटेलात चहा घेतला नव्हता. शेट लोक फार आग्रह करत. साहेब म्हणत, "स्वच्छ कप सापडला की घेईन." मुलीसाठी स्थळ पाहणारा बाप बोलतो तसं.

एकदा एका हॉटेलात हात धुवायच्या जागी टॉवेल लोंबत होता. मूळ रंग कोणता ते देवाला माहीत.

"हा कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"साऱ्यायचा हाये साहेब," हॉटेलवाला अभिमानाने म्हणाला.

"साऱ्यायचा म्हंजे कोणाचाच नाई. जाळा."

दुसऱ्या एका ठिकाणी जिलबीवर माशी बसली. साहेबांनी तिला हाकललं नाही. ती उडाली तशी तिच्यामागे चालत गेले. माशी नालीवर बसली, साहेब नालीशी थांबले. माशी परत जिलबीवर, साहेब परत जिलबीपाशी. गिऱ्हाइकं घास हातात धरून बघत राहिली. शेवटी साहेब म्हणाले, "आता ही जिलबी अन् ती नाली एकच झाली. बोला, काय भाव द्याल?" हे ऐकून जिलबी खाणारा एकजण उठून बाहेर पळाला, तो माझ्या पायाजवळच ओकला. पावडर माझ्याकडेच होती, त्यामुळे काही अडलं नाही.

हे सगळं मी दारातून पाहत असे. आत मी जात नसे. मी आत का येत नाही हे साहेबांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. ते बोट दाखवत, मी उंबऱ्याबाहेरून बाटली पुढे सरकवत असे, ती आतला माणूस उचलून घेई. अकोल्यात कोण कुठे उभं राहतं हे तेव्हा सांगावं लागत नसे. जंतू दिसत नाहीत म्हणून साहेब रोज लोकांना समजावत. हे तर सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे कुणी बोलत नव्हतं.

जिनिंगसमोर एक हॉटेल होतं. नाव लिहीत नाही, शेटची नातवंडं तिथेच धंदा करतात. कापसाच्या हंगामात तेल्हाऱ्याकडच्या, बार्शीटाकळीकडच्या बैलगाड्या तिथे रांगेत लागत आणि रुईचे तंतू उडून चहात पडत. आत शेतकरी, व्यापारी, जिनिंगमधले कारकून बसत. आमच्या माणसांसाठी बाहेर भिंतीला टिनाचा पत्रा ठोकला होता. त्यावर कानतुटके कप पालथे ठेवलेले असत. आत एखाद्या कपाचा कान तुटला की त्याची बाहेर बदली होई. बदली झालेला कप चुकून आत जाऊ नये म्हणून शेट त्याच्या बुडाला डांबराचा ठिपका लावी. आपण पत्र्यावरून कप घ्यायचा, धुवायचा, शेट वरून चहा ओते, पिऊन परत धुवायचा आणि पालथा घालायचा. पैसे पत्र्यावर ठेवायचे. शेट त्यांच्यावर पाणी शिंपडी आणि मग उचली.

माझी सासू त्याच जिनिंगमध्ये रुई वेचायला होती. ती कप दोनदा घाशी. पिण्याच्या आधी राखेने आणि पिऊन झाल्यावर पुन्हा राखेने. मी एकदा विचारलं, आधी कायले?

"माह्या आधी कोण पिऊन गेला काय मालूम," ती म्हणाली. "आपलं आपण पाहावं माय."

आमची सगळी माणसं तिच्यासारखीच करत. वर दिवसभर वऱ्हाडचं ऊन त्या पत्र्यावर. दुपारी कप उचलला तर बोट भाजे. आतले कप मात्र सकाळी भरलेल्या एकाच बादलीत दिवसभर बुडवून काढत. संध्याकाळपर्यंत त्या पाण्याचा चहा झालेला असे.

दीक्षा घेऊन आम्ही नागपूरहून आलो त्याला थोडेच महिने झाले होते. घरातले देव आम्ही मोर्णा नदीत सोडून दिले होते. कप पत्र्यावरच होते. असे कप वेगळे ठेवायचे नाहीत असा सरकारचा कायदाही झाला होता, पण कायद्याला कोणी पत्ता सांगितला नसावा.

त्या दिवशी साहेब त्या हॉटेलात गेले, बोट फिरवलं, बादलीत वाकून पाहिलं आणि संतापून बाहेर आले. हात झटकायला वळले तो त्यांची नजर पत्र्यावर गेली. ऊन पडून कप चमकत होते. साहेब पाहतच राहिले. एक कप उचलला, आत बोट फिरवलं. बोट कोरडं, पांढरं. वास घेतला. मग सवयीने कप पालथा केला.

"शेट! हा डांबराचा ठिपका काहून?"

शेट मागोमाग आला होता. आता तुम्हीच विचार करा, त्याने काय सांगावं? खरं सांगावं तर सरकारी माणसासमोर गुन्हा कबूल केल्यासारखं. न सांगावं तर साहेबांच्या हातात तो कप. घाम पुसत तो म्हणाला, "खूण हाये साहेब. धुतलेल्या कपाची."

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दया आली.

"वा शेट! घरात सोनं अन् तुम्ही बाहेर ठेवता? आतली ती घाण उचला आधी. हे कप आत घ्या. आजपासून धुतलेल्या प्रत्येक कपाले हा ठिपका पाहिजे. अन् मलेही द्या अर्धा कप."

"तुमाले? साहेब, ते जुने... टाकून द्यायचे हायेत ते."

"टाकायचे तं आतले टाका."

साहेबांना तो रिवाज माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला तो माहीत असतोच. तो सगळीकडे असतो, फक्त आपल्या हातातल्या कपात नसतो, एवढंच.

कप आत गेले. साहेब मधल्या टेबलावर बसले आणि अकोल्यातला पहिला चहा फुंकून फुंकून पिऊ लागले. भोवतालच्या गिऱ्हाइकांपुढेही तेच कप आले. एका व्यापाऱ्याने कान नसलेला कप पाहिला, पालथा करून ठिपका पाहिला आणि टोपी घालून उठला. त्याच्यामागून दुसरा. कारकून तर भजी तशीच टाकून गेले. घटकाभरात आत साहेब एकटे उरले.

"काहून उठले हे लोक?" त्यांनी शेटला विचारलं. शेट गल्ल्यात काहीतरी शोधू लागला. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही पाहून राहिल्या होत्या ना. काय झालं?"

मी चारचौघांत बोलणारी नाही. आजही नाही. रोजंदारी होती, शेट ओळखीचे, साहेब वरचे. सांगितलं तर उद्या पिशवी दुसरीच्या हातात जाईल, हे मला कळत होतं. पण साहेबांच्या कपात अजून अर्धा घोट होता आणि तो ते पिणार होते.

"साहेब, ते आमचे कप हायेत," मी म्हणाले.

कप त्यांच्या ओठांपासून वीतभर लांब थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. अगदी हळू ठेवला, आवाज होऊ न देता. पिशवीतून पितळी ग्लास काढला, माठातलं पाणी घेतलं, बाहेर आले आणि चूळ भरली. माझ्यासमोरच. मग चालू लागले. मी बाटली आणि पिशवी घेऊन मागे.

पार रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत आलो. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, डबे संपता संपेनात. माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारलं, "बाई, कप स्वच्छ होता ना?"

"हो साहेब. माह्या सासूनं घासला होता."

गाडी गेली, फाटक उघडलं, लोक पुढे निघाले. साहेब तिथेच.

"मंग मी चूळ काहून भरली?"

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब सरळ त्याच हॉटेलात गेले. कालच्या चहाचे पैसे राहून गेले होते, आणि फुकटचा चहा प्याला असं त्यांच्या नावावर आजवर नव्हतं. पाहतात तो पत्रा रिकामा. खाली नालीत खापऱ्यांचा ढीग. काही खापऱ्यांवर ठिपका दिसत होता.

"तुमचाच नियम हाये साहेब," शेट हात जोडून म्हणाला. "कान तुटलेला, चिरलेला कप ठेवायचा नाई. त्याच्यात जंतू राह्यतात. म्या सारे फोडले."

"अन् बाहेरच्या लोकांनी चहा कशात घ्यायचा?"

"आता बाहेर देणंच बंद केलं. कायदाच हाये ना, येगळं ठेवायचं नाई म्हणून."

असा एका दगडात शेटने दोन कायदे पाळले. माझी सासू त्या दिवशी जिनिंगमधून आली ती तणतणत. "कप फोडले मेल्यानं! एवढे घासले होते."

साहेबांनी आणा काढून पुढे केला. शेट मागे सरला. "कायचे पैसे साहेब?"

"कालच्या चहाचे."

"तुमी माह्याकडे चहा कधी पेलेच नाई," शेट म्हणाला. पैसे घेतले असते तर साहेब त्या कपातून प्याले हे गावात पक्कं झालं असतं. त्याने साहेबांची अब्रू वाचवली, असं त्याला मनापासून वाटत होतं.

साहेबांनी आणा खिशात टाकला. बाकावर बसले. बोट टेबलाखाली घातलं, आणि तसंच बाहेर काढलं. मग दाराकडे पाहून म्हणाले, "बाई, आत या."

मी मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी बाई आहे का म्हणून.

"तुम्हालाच म्हणतो. माझं बोट आता भरवशाचं राहिलं नाही. तुम्ही फिरवा."

शेट मध्ये आला. "साहेब, ही आत?"

"ही नाई शेट. हा आरोग्य खात्याचा हात हाये. अडवायचा असंल तं अडवा, मी तसं लिहून घेतो."

तो उंबरा केवढासा! मी आत गेले, पदर दातात धरला आणि टेबलाखाली बोट घातलं. इतकं चिकट काही मी जन्मात हाताळलं नव्हतं. उजेडात धरून दाखवलं. "बोला," साहेब म्हणाले. कसंबसं म्हटलं, "घाण हाये." सगळी टेबलं मी फिरून पाहिली. शेट हात जोडून माझ्यामागे, आणि सगळ्यांची घाण मी मोठ्याने सांगितली. शेवटच्या टेबलाला आवाज जरा बरा निघाला.

आम्ही निघालो आणि कोपऱ्यावर माझ्या लक्षात आलं की फिनेलची बाटली आतच राहिली. साहेब स्वतः आणायला गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मीही मागे गेले. दारातून पाहते तो काय! शेटने बंबातलं उकळतं पाणी काढलं होतं, त्यात धुण्याचा सोडा टाकला होता आणि हॉटेलातली सगळी माणसं टेबलं घासत होती. वरून, खालून, पायसुद्धा. जिथे जिथे माझं बोट लागलं होतं तिथे तिथे.

साहेब बाटली छातीशी धरून उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. मला आधी रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी थांबेना. मग तेही हसले.

"बाई," डोळे पुसत ते म्हणाले, "माझ्या पावडरीनं जे झालं नाई ते तुमच्या एका बोटानं झालं. आपण रोज येत जाऊ."

आणि आम्ही रोज जाऊ लागलो. याच नाही, सगळ्या हॉटेलांत. साहेब बाकावर बसायचे, मी बोट फिरवायची. आम्ही पाठ वळवली की आत उकळत्या पाण्याचा धबधबा. अकोल्यातली टेबलं त्या वर्षी जशी स्वच्छ होती तशी आधी कधी नव्हती आणि नंतरही कधी झाली नाहीत. शहरात हगवणीचे रोगी कमी झाले असं साहेब म्हणत. खरं-खोटं मला माहीत नाही. सासू मात्र रोज संध्याकाळी विचारी, "काय वं, आज किती जागी गंगा आणली?" आणि झोपताना म्हणे, "जप त्या बोटाले."

चहा मात्र कुठेच मिळाला नाही. तपासायला मी आत जात असे, प्यायला नाही. साहेबही पीत नसत. दर वेळी जिनिंगसमोरच्या शेटपुढे ते आणा धरत आणि शेट म्हणे, "तुमी पेलेच नाई." पुढे आणे जाऊन नवे पैसे आले. साहेब नवे पैसे पुढे करू लागले. शेटचं उत्तर जुनंच.

हॉटेलवाल्यांच्या तक्रारी वर गेल्या असणार. साहेबांची बदली झाली, कान तुटलेल्या कपासारखी. निघताना ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांना बोलता येत नसे, फक्त ओरडता येई. स्टेशनवर जाताना पिशवी खांद्यावर अडकवत एवढंच म्हणाले, "बाई, तो एक चहा राहिला. शेट माझ्या हातून घेत नाई. तुमच्या हातून घेतील तेव्हा द्या." आणि नाणी माझ्या तळहातावर ठेवली. रुमालातून नाही, बोटांनी. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

पुढे मला कायम केलं. सासू गेली. साहेब अमरावतीलाच निवृत्त झाले आणि राजापेठेतल्या घरी वारले, हे खात्यातल्या एका कारकुनाने जाता जाता सांगितलं. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं, तरी ताटाच्या खालून बोट फिरवून मग जेवत, असंही तो हसत म्हणाला.

त्या संध्याकाळी मी कामाची पिशवी घरी ठेवली. धुतलेलं लुगडं नेसले आणि जिनिंगसमोर गेले. पत्रा कधीच निघाला होता. कप जाऊन काचेचे ग्लास आले होते. उंबऱ्यापाशी पाय अडलेच, कारण आज आरोग्य खात्याचा हात बरोबर नव्हता. मी आत गेले आणि मधल्या टेबलावर बसले. कुणी मान वर केली नाही. म्हातारे शेट गल्ल्यावर होते. त्यांनी मला ओळखलं. माझ्यापुढे चहा आला, जसा शेजारच्या गाडीवाल्यापुढे आला तसाच.

सवयीने माझं बोट टेबलाखाली गेलं. चिकट होतं. वाळलेली चटणी, तेल, चुना, सगळं जुन्यासारखं. साहेब असते तर पेटले असते. मला मात्र त्या चिकटपणाने इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. माझ्या आधी बसलेल्या माणसामागे हे टेबल कुणी धुतलं नव्हतं. माझ्यामागेही धुणार नव्हतं. मी बोट पदराला पुसलं आणि चहा सावकाश प्याले.

गल्ल्यापाशी जाऊन माझ्या चहाचे पैसे दिले. मग साहेबांची नाणी वेगळी काढली.

"हे कायचे?" शेटने विचारलं.

"त्या साहेबायच्या चहाचे."

शेट माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या कोपराजवळ पाण्याचा तांब्या होता. मला वाटलं, आता म्हणतील, ते पेलेच नाई. पण त्यांनी विचारलं, "हायेत का साहेब?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी हात पुढे केला, मी नाणी त्यांच्या तळहातावर ठेवली. तांब्या होता तिथेच राहिला. शेटने ती नाणी बाकीच्या पैशांत टाकली आणि म्हणाले, "फिटले."